टबातल्या कमळाची तयारी: आधी दगड शोधा

फेब्रुवारी सरत आला की कमळाचे कंद लावायला घ्यावेत, मार्चअखेरपर्यंत चालतं. टब, माती, ऊन यांची जमवाजमव सगळेच करतात. राहतो तो दगड. तळहाताएवढा, चपटा, गुळगुळीत, धुतलेला दगड आधी शोधा आणि टबातच ठेवून द्या. मागच्या खेपेला हाच राहिला आणि चांगला कंद सडला.

टब गोल, बिनभोकाचा, दीड-दोन फूट रुंद. चौकोनी नको, कंद मातीतून सरकत वाढतो आणि कोपऱ्यात अडकून बसतो. ऊन रोज किमान सहा तास. तेवढं नसेल तर नुसती पानं बघावी लागतील, मग कमळाच्या नादी लागूच नका. टब रिकामा असतानाच जागेवर ठेवा, भरल्यावर हलत नाही.

माती काळी, चिकट, शेतातली, नाहीतर तळ्यातला गाळ. कुंडीचं तयार मिश्रण, कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) अजिबात नको, सगळं वर तरंगतं. शेणखतही आत्ता नको. पाण्याखाली ते कुजतं, पाणी काळं पडून वास मारतं आणि कंद मऊ पडतो. सहा इंच मातीचा घट्ट चिखल करा.

भाजीवाल्याकडची कमळकाकडी लावू नका, तिची टोकं बहुधा तोडलेली असतात. कंदाला दोन-तीन पेरं आणि शाबूत कोंब हवा. नर्सरीतून रोप घेत असाल तर पान उलगडून बघा. कडेपासून देठापर्यंत चीर असेल तर ती वॉटर लिली, कमळ नव्हे.

आता दगड. कंदाच्या आत हवेच्या नळ्या असतात. चिखलात कितीही दाबा, पाणी ओतलं की तो उसळून वर येतो, टबाच्या कडेला आपटतो आणि कोंब मोडतो. मोडल्या जागेतून पाणी आत शिरतं, पुढचं सांगायला नको. म्हणून कंद कडेला आडवा ठेवा, कोंब मध्याकडे आणि मातीबाहेर. मधल्या पेरांवर माती, मातीवर दगड. कोंबावर नाही, पेरांवर! पाणी चिखलावर ताटली ठेवून तिच्यावर हळू सोडा, दोन-तीन इंच पुरे. पहिलं पान पाण्याबाहेर उभं राहीपर्यंत दगड हलवायचा नाही. मुळं धरलीत का ते बघायला म्हणूनसुद्धा उचलायचा नाही.

दुसऱ्या दिवशी, नळाच्या पाण्यातलं क्लोरीन उडालं की डासांच्या अळ्या खाणारे गप्पी मासे सोडा. यात टाळाटाळ नको. डेंग्यूचा डास अशाच साचलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो, आणि उन्हाळ्यात अळीचा डास व्हायला आठवडा पुरतो. पालिकेच्या आरोग्य विभागाकडे विचारा, बऱ्याच ठिकाणी हे मासे फुकट मिळतात.

सुरुवातीची पानं लहान आणि तरंगती असतात, तोवर खत नाही. उभी पानं आली की थोडं थोडं, चिखलात खोल दाबून. पाणीही मग वाढवा. पानांवर मावा (बारीक रस शोषणारे किडे) आला तर पाण्याचा फवारा. औषध मारलंत तर मासे जातील. पिवळं पान कापताना देठ पाण्याच्या वर ठेवून कापा, तो पोकळ असतो. फूल सकाळी उघडतं, दुपारी मिटतं, तीन-चार दिवस टिकतं. थंडीत पानं वाळतील. कमळ मेलं म्हणून टब उपडा करू नका, पाणी भरत राहा.