हायकूवर लुआ स्वतः कंपाइल करायचं तर

भाचा कणकवलीला शिकतो, त्याला माझा जुना लॅपटॉप दिलाय, 2 जीबी रॅमवाला. त्यावर विंडोज उघडेपर्यंत चहा थंड व्हायचा म्हणून त्याच्या जागी हायकू ही ऑपरेटिंग सिस्टीम घालून दिली आणि मशीन एकदम पळायला लागलं. मग परवा त्याचा फोन, मामा, लुआ कंपाइल होत नाही, मेक म्हटलं की दुसऱ्याच ओळीला एरर येतो. (लुआ ही प्रोग्रॅमिंगची भाषा, कंपाइल म्हणजे तिच्या सोर्स कोडपासून चालणारा प्रोग्रॅम बनवणं, आणि मेक ही ते काम करून घेणारी कमांड.) आमच्या वाडीत पावसाळ्यात रेंज कशी असते ते सांगायला नको, तीनदा फोन कट झाला, म्हणून म्हटलं सगळं नीट लिहूनच काढतो, अजून कुणाला लागलं तर त्यालाही होईल.

आधी हे सांगतो की नुसती लुआ वापरायचीच असेल तर कंपाइल करायची काही गरज नाही. हायकूडेपोमध्ये, म्हणजे हायकूच्या ॲप स्टोअरमध्ये, तयार पॅकेज मिळतं, किंवा टर्मिनलमध्ये (कमांड टाइप करायची खिडकी) पीकेजीमॅन इन्स्टॉल लुआ म्हटलं की झालं. पण ठराविक व्हर्जन पाहिजे असेल, किंवा आपल्या सी प्रोग्रॅममध्ये लुआ बसवायची असेल, किंवा ही नवीन सिस्टीम आतून कशी आहे ते कळून घ्यायचं असेल, तर सोर्सपासून करा. अनोळखी सिस्टीमवर पहिली भाषा म्हणून मी लुआच सांगेन. सोर्सची फाइल 400 केबीच्या आत आहे, आम्ही सड्यावर जाऊन हॉटस्पॉट लावतो तिथे एक कांडी रेंज असली तरी उतरते, पायथॉनचा सोर्स त्याच जागी 20 एमबीच्या वर जातो. आणि लुआ साध्या सी भाषेत लिहिलेली आहे, बाहेरची एकही लायब्ररी (तयार कोडचा संच) मागत नाही. 1993 साली ब्राझीलमध्ये रिओच्या विद्यापीठात तिघांनी मिळून ती बनवली. त्याआधी बरीच वर्षं त्या देशात बाहेरचं हार्डवेअर सॉफ्टवेअर आणायला कडक बंधनं होती, त्यामुळे जे लागेल ते घरीच बनवायची तिथे सवय लागलेली, आणि मला वाटतं त्या सवयीचाच गुण भाषेत उतरलाय, मिळेल त्या मशीनवर उभी राहते.

हायकूबद्दल थोडक्यात. बीओएस नावाची सिस्टीम होती, तिची कंपनी 2001 मध्ये विकली गेली, तेव्हा चाहत्यांनी ती पहिल्यापासून परत लिहायला घेतली, तीच ही. पाचवा बीटा सप्टेंबर 2024 मध्ये आला. टर्मिनल उघडलं की लिनक्ससारखं बॅश दिसतं, एलएस सीडी या कमांड सगळ्या चालतात, म्हणून माणसाला वाटतं ही लिनक्सच आहे. ती लिनक्स नाही. पुढचे सगळे एरर याच एका गैरसमजातून येतात.

(कमांड मी उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहितोय, टाइप करताना अर्थातच रोमन अक्षरं. आणि हे सगळं 64 बिट हायकू आणि लुआ 5.4 धरून आहे.)

उतरवलेली सोर्सची टार फाइल उलगडा, आतल्या फोल्डरमध्ये जा, तिथे एसआरसी, डॉक आणि एक मेकफाइल (काय कसं बनवायचं ते मेकला सांगणारी फाइल) दिसेल. जीसीसी डॅश डॅश व्हर्जन करून कंपायलर आहे ना ते बघा, नसेल तर तो आधी पॅकेजमधून घ्या. मग नुसतं मेक म्हणा.

इथे पहिला एरर, हायकू नावाचं टार्गेट (म्हणजे त्या सिस्टीमसाठीची कृती) बनवायचा नियम नाही, अशा अर्थाचा. भाचा इथेच अडकला होता. काय होतं, 5.4 ची मेकफाइल युनेम कमांडला विचारते की बाबा कुठली सिस्टीम, उत्तर येतं हायकू, आणि मग ती त्याच नावाचं टार्गेट शोधते. लिनक्स आहे, फ्रीबीएसडी आहे, मॅक आहे, हायकू नाही. म्हणजे काहीही बिघडलेलं नाही, फक्त नाव आपण सांगायचंय.

मग कुठलं नाव? बरेच जण मेक लिनक्स करून बघतात, तिथे डॅश एल डी एल (डीएल नावाची लायब्ररी जोडा असं सांगणारा पर्याय) सापडत नाही म्हणून अडतं. जेनेरिक किंवा पॉझिक्स टार्गेट घेतलं तर भाषा बनेल पण अपुरी, सी मध्ये लिहिलेली मॉड्यूल लोड होणार नाहीत, कारण त्या दोन टार्गेटमध्ये डीएलओपन (प्रोग्रॅम चालू असताना बाहेरची मॉड्यूल आत घ्यायची सोय) चालूच केलेलं नसतं. आपल्याला बरोबर बसतं ते बीएसडी. फक्त बीएसडी हां, फ्रीबीएसडी नाही, ते एडिटलाइन लायब्ररी मागतं. बीएसडी टार्गेटमध्ये पॉझिक्स चालू, डीएलओपन चालू, लिंकरला (तुकडे जोडून प्रोग्रॅम बनवणाऱ्याला) डॅश डब्ल्यू एल कॉमा डॅश ई दिलेलं, आणि डॅश एल डी एल नाही. हायकूला हेच पाहिजे.

मेक बीएसडी केलं की सगळ्या सी फाइली भराभर जातात आणि शेवटी लिंक करताना दुसरा एरर, डॅश एल एम सापडत नाही. हा नीट समजून घ्या कारण पुढे दुसरं काही कंपाइल करायला घेतलंत तरी हाच भेटणार आहे. लिनक्सवर गणिताची फंक्शनं वेगळ्या लायब्ररीत असतात, साइन कोसाइन वापरायचं तर तसं सांगावं लागतं. हायकूमध्ये लिबरूट नावाची एकच मोठी लायब्ररी आहे, गणित तिच्यात, थ्रेड तिच्यात, डीएलओपन पण तिच्यातच, आणि ती आपोआप जोडली जाते. नेटवर्कचं तेवढं वेगळं, त्याला लिबनेटवर्क. म्हणून जी लायब्ररी सापडत नाही म्हणतायत ती कुठून आणायची नाहीये, मागणीच काढून टाकायची.

एसआरसी फोल्डरमधली मेकफाइल स्टाइल्डएडिट या एडिटरमध्ये उघडा, लिब्ज बरोबर अशी सुरुवात असलेली ओळ शोधा, त्यातलं फक्त डॅश एल एम पुसा, पुढचे सिसलिब्ज आणि मायलिब्ज तसेच ठेवा. फाइल न उघडता कमांडमध्येच मेक बीएसडी लिब्ज बरोबर रिकामं असं देऊनही भागतं असं वाटेल, बिल्ड होतोही, पण त्यात सिसलिब्ज पण उडतात आणि सिसलिब्जमध्येच तो डॅश ई असतो. तो गेला की लुआच्या आतली फंक्शनं बाहेरच्या मॉड्यूलला दिसत नाहीत, मग महिन्याभराने एखादं मॉड्यूल लोड करायला जाल आणि सिम्बॉल सापडत नाही म्हणून डोकं धरून बसाल, तोवर आज काय केलं ते आठवणारही नाही.

अजून एक, यात माझी एक अख्खी संध्याकाळ गेलीय. आधी जेनेरिकने बिल्ड केला असेल आणि मग बीएसडी करताय तर मधे मेक क्लीन कराच, त्याने आधी बनलेल्या फाइली पुसल्या जातात. मेक फाइलींच्या तारखा बघतं, आपण पर्याय बदलले हे त्याला कळत नाही, जुन्या ऑब्जेक्ट फाइली (प्रत्येक सी फाइलचा कंपाइल झालेला तुकडा) तशाच ठेवतं आणि सगळं झालं म्हणून सांगतं. मी तीन वेळा मेक बीएसडी केलं, तिन्ही वेळा जुनाच लोडलिब (मॉड्यूल लोड करणारा भाग) आत.

झालं की मेक टेस्ट, व्हर्जनची ओळ आली पाहिजे. पण ती ओळ म्हणजे सगळं ठीक असं नाही, मी नेहमी अजून दोन गोष्टी तपासतो. एसआरसी मधली लुआ चालू करून मॅथ डॉट साइन मध्ये मॅथ डॉट पाय भागिले 2 घालून प्रिंट करा, 1.0 यायला पाहिजे. मग पॅकेज डॉट लोडलिबला कुठलीही दोन खोटी नावं देऊन परत काय येतं ते प्रिंट करा. तीन किमती येतात, त्यातली तिसरी बघा. ओपन आलं तर डीएलओपन चालू आहे, फाइल नाही एवढंच त्याचं म्हणणं. ॲबसेंट आलं तर डायनॅमिक लोडिंग आत शिरलेलंच नाही, मेक क्लीन करून परत. यासाठी खरं मॉड्यूल हाताशी लागत नाही हे मला फार आवडतं.

आता इन्स्टॉल. इथे सावकाश. लुआ स्वतःला यूएसआर लोकलमध्ये टाकायला बघते. लिनक्सवर परवानगी नसेल तर लगेच अडवतात, हायकूवर कोणी अडवत नाही, तिथे एकच युजर आणि त्याला सगळे अधिकार. पण हायकूचं मूळ फोल्डर, म्हणजे नुसता स्लॅश, हे मेमरीत असतं, खरी डिस्क स्लॅश बूटखाली. तुम्ही यूएसआर लोकलमध्ये इन्स्टॉल केलं, लुआ चालवून बघितली, आणि मग लाईट गेली, लॅपटॉपची बॅटरी तर कधीचीच संपलेली, तर परत चालू केल्यावर तिथे काहीच नसणार. आमच्याकडे जूनमध्ये वारा सुटला की दिवसातून चारदा लाईट जाते, म्हणून हे जीव तोडून सांगतोय. सिस्टीमच्या फोल्डरमध्ये टाकीन म्हणाल तर तेही नाही, ते पॅकेजमधून जोडलेलं असतं आणि फक्त वाचता येतं. स्वतः बनवलेल्या गोष्टींची जागा आहे स्लॅश बूट स्लॅश होम स्लॅश कॉन्फिग स्लॅश नॉन-पॅकेज्ड. मेक इन्स्टॉल म्हणताना इन्स्टॉल अंडरस्कोर टॉप बरोबर हा पत्ता द्या. त्यातलं बिन आधीपासून पाथमध्ये (कमांड शोधायच्या फोल्डरांची यादी) असतं, म्हणून लुआ कुठूनही चालेल.

मॉड्यूल मात्र लुआ अजूनही यूएसआर लोकलमध्येच शोधते, कारण तो पत्ता लुआकॉन्फ डॉट एच मध्ये लुआ अंडरस्कोर रूट या नावाने लिहिलेला आहे. तो बदलून तिथेही आपलाच पत्ता घाला, शेवटचा स्लॅश विसरू नका, आणि मग क्लीन, बीएसडी, इन्स्टॉल परत एकदा. हे मी शेवटी सांगितलं तरी तुम्ही बिल्डच्या आधीच करून टाका, जुन्या मशीनवरही बिल्डला एखादं मिनिट लागतं, पण परत परत कशाला.

लुआ चालू करून वरचा बाण दाबला की मागची ओळ यायच्याऐवजी काहीतरी चिन्हं उमटतात, ते रीडलाइन (मागच्या ओळी परत आणून देणारी लायब्ररी) नसल्यामुळे. पीकेजीमॅनने रीडलाइन अंडरस्कोर डेव्हल घ्या आणि मेक बीएसडीच्या पुढे मायसीफ्लॅग्जमध्ये डॅश डी लुआ यूज रीडलाइन (मधे अंडरस्कोर) आणि मायलिब्जमध्ये डॅश एल रीडलाइन द्या. आधी क्लीन, हे आता सांगायला नको.

कुणाकडे 32 बिट मशीन असेल तर एवढंच लक्षात ठेवा, तिथे नेहमीचा कंपायलर जीसीसी 2.95 आहे, जुन्या बीओएसचे प्रोग्रॅम चालावेत म्हणून मुद्दाम ठेवलेला. आधी सेटआर्च एक्स86 करा म्हणजे नवीन जीसीसी मिळेल, मग वरचं सगळं तसंच.

भाच्याचं काल रात्री झालं. पहिला प्रोग्रॅम त्याने आंब्याचा लिहिला, 287 आंबे, डझन किती आणि सुटे किती, उत्तर 23 डझन आणि 11 सुटे. आता त्याला पेटीचं वजन आणि भाव घालायचाय, त्यासाठी फाइल वाचणं शिकतोय.