रसद, अंतर आणि मृतांची मोजदाद : युद्धाच्या आणि प्रलयाच्या विज्ञानकादंबरीवर मत कसे बनवावे

प्रलयानंतरच्या जगाची किंवा भविष्यातल्या युद्धाची कादंबरी वाचून संपली की बहुतेक वाचकांचे मत दोनपैकी एकाच वाक्यात येते : "एका बैठकीत वाचली" किंवा "नुसती मारामारी आहे". दोन्ही मते प्रामाणिक असतात, पण ज्याला ते पुस्तक घ्यावे की नाही हे ठरवायचे आहे, त्याच्या हाती त्यातून काहीच लागत नाही. नागपुरात आमचा सातआठ जणांचा वाचनगट महिन्यातून एकदा जमतो. त्यात महाविद्यालयात शिकणारी मुले आहेत, एक निवृत्त शिक्षिका आहेत आणि कामठीला स्थायिक झालेले एक निवृत्त सुभेदार आहेत. या प्रकारच्या कादंबऱ्यांवर आम्ही पुष्कळ वाद घातले आणि त्यातून मत बनवण्याची जी रीत हळूहळू तयार झाली, ती येथे मांडतो. तिचे सार असे की, मत लिहिण्याआधी हिशेब लिहावा.

सुरुवात पुस्तकाच्या जातीपासून करावी. प्रलयाची कादंबरी आणि सैनिकी विज्ञानकादंबरी या दुकानात एकाच फळीवर असतात आणि दोन्हींत बंदुका असतात, पण त्यांचे प्रश्न उलट आहेत. पहिलीत व्यवस्था कोसळते आणि माणूस आदेशाविना उरतो. दुसरीत व्यवस्था इतकी आवळली जाते की माणसाकडे आदेशाशिवाय काही उरत नाही. म्हणून पहिलीला "शिस्त दिसत नाही" असा दोष देणे आणि दुसरीला "नायक स्वतः काही ठरवत नाही" असे म्हणणे, ही दोन्ही मते बहुतेक वेळा पुस्तकाने न विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर मागतात. आपल्याकडे आणखी एक अडचण आहे. मराठी वाचकाची विज्ञानकथेशी ओळख मुख्यतः लघुकथेतून, एखाद्या वैज्ञानिक कल्पनेभोवती रचलेल्या कथेतून झाली. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत जयंत नारळीकरांच्या 'कृष्णविवर' या कथेला पारितोषिक मिळाले, आणि त्याच वर्षी अमेरिकेत जो हाल्डमन यांची 'द फॉरएव्हर वॉर' ही कादंबरी प्रसिद्ध झाली. पहिल्या परंपरेत वाढलेला वाचक दुसऱ्या परंपरेतील चारशे पानांत नवी वैज्ञानिक कल्पना शोधत राहतो, ती पहिल्या पन्नास पानांत संपली की निराश होतो आणि पुढच्या साडेतीनशे पानांत सैनिकांचे काय झाले, हे त्याच्या मतात येतच नाही.

प्रकाशनवर्ष आणि लेखकाचे पूर्वायुष्य दोन ओळींत टिपून ठेवावे. रॉबर्ट हाइनलाइन यांची 'स्टारशिप ट्रूपर्स' १९५९ ची, म्हणजे शीतयुद्धाच्या ऐन भरातली. लेखक तरुणपणी अमेरिकी नौदलात अधिकारी होते. हाल्डमन व्हिएतनाममध्ये लढले आणि जखमी झाले. त्यांच्या सैनिकांचा प्रवास प्रकाशाच्या वेगाच्या जवळपास होतो, म्हणून मोहिमेवरून परतताना त्यांची काही वर्षे उलटलेली असतात आणि पृथ्वीवर दशके, पुढे तर शतके लोटलेली असतात. परतलेल्या सैनिकाला स्वतःचे घर परके वाटणे ही गोष्ट सापेक्षतेच्या नियमातून उभी राहते. यावरून एक कसोटी हाती येते. विज्ञान काढून घेतले तर कथा तशीच उभी राहते का? राहत असेल, तर ती केवळ अंतराळाचा पोशाख घातलेली युद्धकथा आहे, आणि तसे मतात स्पष्ट लिहावे. ती वाईटच असेल असे मात्र नाही.

हिशेबाची वही

आता मुख्य कामाकडे येतो. वाचताना एक पातळ वही जवळ ठेवावी आणि तिचे तीन रकाने करावेत : रसद, अंतर, मृत.

रसदीचे महत्त्व मराठी वाचकाला निराळे सांगावे लागू नये. १४ जानेवारी १७६१ ला पानिपतावर मराठी फौज लढायला बाहेर पडली, ती उपासमारीने टेकीला येऊन. अब्दालीने दाणागोटा तोडला होता आणि लढवय्यांबरोबर हजारो बिनलढाऊ माणसांची पोटे होती. त्या पराभवाची बातमीही सावकारी हिशेबाच्या भाषेत आली, असे आपण शाळेपासून ऐकत आलो आहोत : मोती गळाले, मोहरा हरवल्या, खुर्द्याची गणती नाही. ज्याच्या स्मरणात हे आहे, त्याने भविष्यातल्या युद्धाची कादंबरी वाचताना सैनिक काय खातात, हे विचारलेच पाहिजे.

काही आकडे पाठ असले की हा रकाना आपोआप भरतो. एके ४७ जातीची बंदूक सलग चालवली तर तिचा वेग मिनिटाला सुमारे ६०० गोळ्यांचा आहे आणि तिच्या मॅगझिनमध्ये ३० गोळ्या मावतात, म्हणजे घोडा दाबून धरला तर मॅगझिन तीन सेकंदांत रिकामे. पाण्याचा एक लिटर म्हणजे एक किलो वजन, आणि ते पाठीवरच वाहावे लागते. साठवलेले पेट्रोल काही महिन्यांत उतरू लागते. त्यामुळे प्रलयानंतर दहा वर्षांनी नायक बेवारस मोटारीला चावी लावून निघून जात असेल, तर ते वहीत नोंदवावे. अणुस्फोटाच्या कादंबरीत धुळीच्या किरणोत्साराचा ठोकळ नियम उपयोगी पडतो : वेळ सातपट झाली की तीव्रता दहाव्या भागावर येते, म्हणजे पहिल्या तासाच्या मानाने सात तासांनी सुमारे एक दशांश आणि ४९ तासांनी सुमारे एक शतांश. तळघरात दोन दिवस थांबलेले पात्र आणि दोन तासांत बाहेर पडलेले पात्र यांचे भवितव्य वेगळे असायला हवे. अंतराळातील लढाईत तर अंतर हीच मोठी अडचण असते. मंगळावरून पाठवलेला संदेश पृथ्वीवर पोहोचायला ग्रहांच्या स्थितीनुसार साधारण ३ ते २२ मिनिटे लागतात, त्यामुळे मंगळावरील तुकडी आणि पृथ्वीवरील सेनापती यांच्यात प्रश्नोत्तरांचा चटपटीत संवाद होऊ शकत नाही.

अंतराचा रकाना भरण्यासाठी आम्ही एक युक्ती वापरतो : कादंबरीतला प्रसंग उचलून नागपुरात ठेवतो. झीरो माइलपासून कामठी सुमारे पंधरा किलोमीटर. वीस किलोचे ओझे पाठीवर घेऊन चालणारा सैनिक सपाट रस्त्यावर तासाला चारपाच किलोमीटर जातो. म्हणजे तीनचार तास, आणि मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे असताना त्याहून बरेच जास्त. एका कादंबरीत शहरापलीकडची तुकडी रात्रीच्या अंधारात पायी येऊन पाऊण तासात मदतीला पोहोचते, असे होते. अंतर दिलेले होते, ओझेही दिलेले होते. सुभेदारसाहेबांनी ते पान वाचून पुस्तक मांडीवर ठेवले आणि म्हणाले, "हे लोक चालले नाहीत, लेखकाने त्यांना उचलून ठेवले." आमच्या टिपणात आम्ही ते वाक्य जसेच्या तसे घेतले, कारण अख्ख्या कादंबरीचा दोष त्यात सापडला होता. त्याच रीतीने, शहराला पाणी कोठून येते हेही विचारावे. नागपूरचे पाणी मुख्यतः पेंच प्रकल्पातून येते, ते शुद्ध करून टाक्यांपर्यंत चढवायला वीज लागते, आणि कोराडी-खापरखेड्याच्या वीजकेंद्रांना रोज कोळसा लागतो. ही साखळी ज्याला ठाऊक आहे, तो प्रलयानंतर तिसऱ्या आठवड्यातही नळाला पाणी येणारी कादंबरी मुकाट्याने वाचू शकत नाही.

येथे एक शब्दाची सूचना करून ठेवतो. मत मराठीत लिहिताना 'प्लाटून' या शब्दासाठी 'पलटण' लिहिण्याचा मोह होतो. फौजेत पलटण म्हणजे बटालियन, सातआठशे जणांची. प्लाटून म्हणजे तीसेक माणसांची. एका शब्दाने लढाईचा आकार पंचवीसपट होतो. ज्या शहरात कामठीला गार्ड्स रेजिमेंटचे केंद्र आहे, अंबाझरीला आयुध निर्माणी आहे आणि वायुसेनेच्या मेंटेनन्स कमांडचे मुख्यालय आहे, तेथे शंका आली तर विचारायला माणूस शोधावा लागत नाही.

तिसऱ्या रकान्याचे महत्त्व मला एका जुन्या पुस्तकाने शिकवले. सीताबर्डीवर जुन्या पुस्तकांच्या दुकानातून घेतलेल्या त्या प्रतीच्या समासात आधीच्या वाचकाने पेन्सिलीने बारीक रेघा ओढल्या होत्या. पाचवी रेघ आडवी, जसे आपण मोजताना करतो. प्रत्येक नाव असलेला सैनिक मेला की एक रेघ. शंभर-सव्वाशे पानांपर्यंत रेघा नियमित होत्या आणि नंतर त्या अचानक थांबल्या. मी ती पाने पुन्हा वाचली. तिथून पुढे लेखकाने मृतांना नावे देणे सोडले होते. माणसे "डझनावारी" पडू लागली होती. त्या अनोळखी वाचकाने एक शब्दही न लिहिता नेमके मत दिले होते.

मृतांच्या बाबतीत आपल्यापाशी जुना आणि भक्कम मापदंड आहे. महाभारताचे युद्ध अठरा दिवसांत संपते, पण ग्रंथ तेथे संपत नाही. रात्री झोपलेल्यांची कत्तल सांगणारे सौप्तिकपर्व येते आणि त्यानंतर स्त्रीपर्व, ज्यात गांधारी रणभूमीवर एकेक देह ओळखत जाते. म्हणून प्रत्येक युद्धकादंबरीला हा प्रश्न विचारावा : यात स्त्रीपर्व आहे का? ते स्वतंत्र प्रकरण असण्याची गरज नाही. एखाद्या सैनिकाच्या सामानाची यादी करणारे अर्धे पान पुरते, न उघडलेले पत्र पुरते. पण जिथे विजयानंतर लगेच पुढची मोहीम सुरू होते आणि कोणी कोणाला मोजत नाही, तिथे मारामारीला वजन उरत नाही, मग ती कितीही कुशलतेने लिहिलेली असो. शत्रूचाही हाच हिशेब करावा. परग्रहावरचा शत्रू किड्यांच्या झुंडीसारखा दाखवला असेल, तर तो सैनिकांना तसा दिसतो की लेखकालाच तसा दिसतो, हे शोधावे. पात्राचे मत आणि लेखकाचे मत यांत गल्लत करणे ही या प्रकारातील सर्वांत अन्यायकारक चूक आहे.

प्रलयाच्या वर्णनासाठी हिशेबाखेरीज अनुभवाचीही कसोटी लावावी. २३ सप्टेंबर २०२३ ला पहाटेपूर्वीच्या काही तासांत नागपुरात शंभर मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला, अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरले. आमच्या गटातील शिक्षिकाबाई तळमजल्यावर राहतात. त्यांना जाग आली ती शेजाऱ्यांनी दार बडवल्यामुळे. पाय खाली ठेवला तर पाणी घोट्यापर्यंत होते. त्यांनी सर्वांत आधी मोबाइलचा चार्जर उचलला आणि का उचलला हे त्यांना आजही सांगता येत नाही. पुस्तकांच्या कपाटाचे खालचे दोन कप्पे फुगून इतके घट्ट बसले होते की नंतर एकही पुस्तक बाहेर ओढता येईना. त्या दिवसापासून बाई प्रलयाच्या कादंबरीचे पहिले प्रकरण वाचताना एवढेच पाहतात की, पात्रे पहिल्या दहा मिनिटांत काही निरर्थक करतात की नाही. सगळेच शहाण्यासारखे वागत असतील, तर लेखकाने संकट जवळून पाहिलेले नाही, असे त्या म्हणतात. मला त्यांचे म्हणणे पटते.

लिहिताना

वही भरली की लिहायला बसावे, आणि तोवर इतरांची मते वाचू नयेत. आधी एका वाक्यात पुस्तकाला काय करायचे होते ते लिहावे. मग ते जिथे साधले तो एक प्रसंग आणि जिथे निसटले तो एक प्रसंग, दोन्ही पुरेसे जवळून दाखवावेत. "पात्रे सपाट आहेत" असे लिहिण्यापेक्षा "दोनशे पानांनंतरही तुकडीतले तिघे जण केवळ हुद्द्यानेच ओळखू येतात" असे लिहिले, तर वाचणाऱ्याला स्वतः ठरवता येते. अनुवाद वाचला असेल तर तसे नमूद करावे, नाहीतर अनुवादकाचा दोष लेखकाच्या माथी बसतो. मालिकेतील तिसरे पुस्तक असेल तर आधीची दोन वाचली आहेत की नाही, हेही सांगावे. शेवट फोडू नये. शेवटाविषयी तक्रार असेल तर तो पटला की नाही एवढेच लिहावे.

दुसऱ्यांची मते नंतर वाचताना त्यांतील तक्रारीकडे विशेष लक्ष द्यावे. 'स्टारशिप ट्रूपर्स'विषयी नेहमीची तक्रार अशी की लढाया थोड्या आणि वर्गातील व्याख्याने फार. ती खरी आहे. पण नागरिकत्व आणि लष्करी सेवा यांवरचा वाद ज्याला वाचायचा आहे, त्याच्यासाठी तीच शिफारस ठरते. तक्रार करणारा काय शोधत होता हे कळले की त्याचे प्रतिकूल मतही आपल्याला वाट दाखवते.

शेवटाविषयीची तक्रार कागदावर उतरवण्याआधी मात्र पहिले पान पुन्हा वाचावे. १८९८ साली पुस्तकरूपाने आलेल्या एच. जी. वेल्स यांच्या 'द वॉर ऑफ द वर्ल्ड्स'मध्ये मंगळावरचे आक्रमक माणसाच्या शस्त्रांनी नव्हे, तर सूक्ष्म जिवाणूंमुळे मरतात. शेवट आयत्या वेळी आणून जोडला आहे, असे मी आमच्या गटात ठामपणे म्हटले होते आणि तसे लिहूनही ठेवले होते. घरी येऊन पुस्तक उघडले, तर अगदी पहिल्याच वाक्यात सूक्ष्मदर्शकातून पाण्याच्या थेंबातले जीव न्याहाळणाऱ्या माणसाची उपमा होती. पुढच्या बैठकीत मी ते वाक्य वाचून दाखवले आणि वहीतील माझ्या मतावर रेघ मारून, तारीख घालून, खाली नवे मत लिहिले.