पुष्पकसारखं विमान शिकताय? या चुका टाळा

पुष्पक १९५८ साली पहिल्यांदा उडालं. बंगळुरूच्या हिंदुस्तान एअरक्राफ्टमध्ये डॉ. व्ही. एम. घाटगे यांच्या देखरेखीखाली घडलेलं हे विमान. शेजारीशेजारी दोन सीट, कापडी पंख, ९० अश्वशक्तीचं कॉन्टिनेंटल इंजिन आणि शेपटीखाली छोटं चाक. देशभरच्या फ्लाइंग क्लबांत पिढ्यान्‌पिढ्या पोरं त्यावर शिकली. मीही शिकलो, पुढे शिकवलंही. आता परदेशात पायपर कब नाहीतर एरोंका अशा छोट्या विमानांवर शिकायला निघालेली मुलं भेटायला येतात, तेव्हा कळतं की विमान बदललं तरी चुका त्याच आहेत.

सगळ्यात वाईट चूक म्हणजे ‘स्विच ऑफ आहे ना, मग काय होतंय’ म्हणत प्रॉपेलरला हात लावणं. या इंजिनाला स्टार्टर नाही, प्रॉपेलर हातानेच फिरवायचा. इंधन पेटवणारी ठिणगी देतो तो मॅग्नेटो. तो ती स्वतःच तयार करतो, त्याला बॅटरी लागत नाही. स्विच ऑफ केला म्हणजे एका वायरीने तो विमानाच्या धातूच्या सांगाड्याला जोडला जाऊन त्याची ठिणगी थांबली, एवढंच. ती वायर तुटली तर स्विच काहीही दाखवो, मॅग्नेटो जिवंत.

आमच्या क्लबात हे डोळ्यांसमोर घडलं. एक विद्यार्थी नुकताच उतरला होता, इंजिन गरम होतं. कव्हर घालायचं म्हणून त्याने एका हाताने पातं आडवं करायला ढकललं. इंजिनाने फटकन दोन उसळ्या घेतल्या आणि थांबलं. त्याच्या शर्टाची बाही कोपरापर्यंत फाटली, हाताला ओरखडाही नाही. चाकांना चोक, म्हणजे विमान सरकू नये म्हणून लावायचे अडसर, लावलेले नव्हते. नंतर पाहिलं तर मॅग्नेटोच्या टोकाशी वायरीचे केसासारखे धागे तुटून लोंबत होते.

तेव्हापासून माझी सवय आहे. इंजिन बंद करण्याआधी आयडलवर, म्हणजे ते सगळ्यात हळू चालत असताना, क्षणभर दोन्ही मॅग्नेटो ऑफ करायचे. इंजिन मरायला लागलं पाहिजे. चालतच राहिलं तर विमानाजवळ कुणालाही फिरकू द्यायचं नाही आणि मेकॅनिकला हाक मारायची. एवढं करूनही मी पात्याला हात लावतो तो ते चालू होणार असं धरूनच. आधी चोक लावायचे, आत जाणता माणूस बसवायचा, तो मोठ्याने उत्तर देईपर्यंत थांबायचं. ‘एकट्याने पटकन सुरू करतो’ म्हणणाऱ्याला मी त्या दिवशी उडू देत नाही.

पुढची चूक कार्ब्युरेटरमधल्या, म्हणजे इंधन आणि हवा मिसळणाऱ्या भागातल्या, बर्फाची. कोकणातल्या दमट हवेत, बाहेर २५ अंश असतानाही आत बर्फ धरतं. आरपीएम, म्हणजे इंजिनाचे मिनिटाला होणारे फेरे, हळूहळू उतरतो. कार्ब्युरेटरला गरम हवा देणारी कार्ब हीटची मूठ ओढली की आधी आणखी उतरतो, इंजिन खरखरतं, कारण वितळलेलं पाणी आत जात असतं. नवशिके इथेच घाबरून हीट परत ढकलतात. ढकलू नका, ओढून धरा.

इंधनातलं पाणी रोज सकाळी काढा, विमान हलवायच्या आधी. हलवलंत की खाली बसलेलं पाणी पुन्हा इंधनात मिसळतं.

विमान ढकलताना कापडावर पंजा टेकवू नका, पंखाला आधार देणारा दांडा, म्हणजे स्ट्रट, धरा.

आता शेपटीच्या चाकाकडे येतो. या विमानाचा गुरुत्वमध्य पुढच्या चाकांच्या मागे असतो, म्हणून नाक जरा वळलं की मागचं वजन त्याला आणखी वळवतं. तिथे उशीर झाला की विमान गर्रकन फिरतं, पंखाचं टोक जमिनीला घासतं. बहुतेक वेळा हे सुंदर लँडिंगनंतर होतं. टेकलो म्हणून मुलगा सुस्कारा सोडतो, पाय सैल होतात, आणि वेग उतरला की पायांनी चालवायचा शेपटीवरचा रडरही ढिला पडलेला असतो.

माझ्याकडे पहिले दोन दिवस फक्त टॅक्सी, म्हणजे विमान जमिनीवरच चालवणं. सरळ रेषेत, मग आडव्या वाऱ्यात, पाय सतत हलते. मुलं कुरकुरतात, त्यांना टेकऑफ हवा असतो. हँगरसमोर प्रॉपेलर थांबेपर्यंत ज्याचे पाय रडरवरून हटत नाहीत, त्याला तिसऱ्या दिवशी मी वर नेतो.