पीसीओएसची पाळी: नाही आली तर काय, आली तर काय

मी एसटीत कंडक्टर आहे. परभणी, गंगाखेड, परळी, अंबाजोगाई हा माझा नेहमीचा रूट. मार्च २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट झालं तेव्हापासून गाडी माहेरवाशिणींनी आणि दवाखान्याच्या फायलींनी भरलेली असते. मला स्वतःला कॉलेजपासून पीसीओएस, म्हणजे लोक ज्याला पीसीओडी म्हणतात ती अंडाशयाची गडबड, आहे हे आता रोजच्या बायकांना ठाऊक झालंय. त्यामुळे गंगाखेड सुटलं की कुणीतरी शेजारी सरकतंच आणि हळूच म्हणतं, "ताई, चार महिने झाले, आलीच नाही. बरंच झालं म्हणा, तेवढीच कटकट कमी."

कटकट कमी होत नाही बाई, आत साठत जाते. पीसीओएसमध्ये अंडाशयातून बीज वेळेवर सुटत नाही. बीज सुटलं नाही की प्रोजेस्टेरॉन हे हार्मोन तयार होत नाही आणि गर्भाच्या पिशवीचं अस्तर जाड होत राहतं. मग कधीतरी ते एकदम सुटतं, अंगावरून धो धो जातं, गाठी पडतात, आणि त्या बाहेर टाकताना पिशवी आवळते म्हणून कळा येतात. वर्षानुवर्षं हेच चाललं तर अस्तराच्या कॅन्सरचा धोकाही वाढतो. म्हणून पाळी ९० दिवसांच्या पुढे गेली की दवाखाना गाठायचा. डॉक्टर काही दिवसांची गोळी देतात, ती संपली की पाळी येते. मात्र लग्न झालेलं असेल तर आधी लघवीची तपासणी करा. पाळी अनियमित आहे म्हणजे दिवस जाणारच नाहीत असं अजिबात नाही. आशाताईंकडे निश्चय किट फुकट मिळतं.

तारखा लिहून ठेवा. मोबाइलचं ॲप चालेल, पण मला भिंतीवरचं कॅलेंडर बरं वाटतं. थोडं गेलं तर टिंब, जास्त गेलं तर फुली, आणि शेजारी त्या दिवशीच्या पॅडचा आकडा. डॉक्टरांनी "पाळी कशी असते?" विचारलं की आपण "असते कधी कधी" म्हणून मोकळ्या होतो. कॅलेंडरची पानं समोर ठेवली की बोलणं मुद्द्यावर येतं. मोठ्या बाईची पाळी २१ ते ३५ दिवसांत यावी. वर्षात आठपेक्षा कमी वेळा येत असेल तर ती अनियमितच.

आता दुखण्याचं. गोळी घ्यायची तर कळ सुरू होताच घ्या. कंबर धरून दुपारपर्यंत बसायचं आणि सहनच होईना तेव्हा गोळी गिळायची, यात गोळीचा निम्मा उपयोग वाया जातो. मेफेनॅमिक ॲसिड किंवा आयब्युप्रोफेन, जे डॉक्टरांनी लिहून दिलं असेल ते, काहीतरी खाऊनच. दमा, पोटात अल्सर किंवा किडनीचा त्रास असेल तर विचारल्याशिवाय नको. मेफेनॅमिक ॲसिडने क्वचित गंभीर ॲलर्जी होते. नोव्हेंबर २०२३ च्या अखेरीस इंडियन फार्माकोपिया कमिशन या औषधांवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी संस्थेनेही तसा इशारा दिला होता. गोळीनंतर अंगावर पुरळ, ताप किंवा गाठी उठल्या तर ती बंद करून लगेच डॉक्टरांकडे जा.

शेकाला मी गरम पाण्याची पिशवी नेत नाही, गाडीत ती सांभाळायची कुणी? खडे मीठ तव्यावर तडतडेपर्यंत परतायचं, जुन्या सुती साडीच्या तुकड्यात घट्ट बांधायचं, वर टॉवेलचा एक वेढा. आधी हाताच्या मागच्या बाजूला लावून बघायचं, कारण हे भाजतं. परळीपर्यंत ऊब टिकते. उन्हाळ्यात ड्रायव्हरभाऊ हसतात, बाहेर ४३ अंश आणि तुम्ही शेकताय! हसू देत.

पण गोळी आणि शेक दोन्ही करून हलता येत नसेल, पाळी नसतानाही ओटीपोट दुखत असेल, किंवा संबंधाच्या वेळी दुखत असेल, तर "पीसीओडी आहे, दुखणारच" असं कुणी म्हटलं तरी ऐकू नका. एंडोमेट्रिओसिस (पिशवीच्या अस्तरासारखं अस्तर बाहेर वाढणं), फायब्रॉइड (पिशवीतली मांसल गाठ) असलं काही सोबत आहे का ते बघायला लावा. आणि तासाला एक पॅड भरतोय, असं दोन तास चाललंय, किंवा १० रुपयांच्या नाण्याहून मोठ्या गाठी जातायत, तर मग सकाळची वाट बघायची नाही.

महालक्ष्म्या आल्या की मेडिकलवर पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या मागायला रांग लागते. ती गोळी पाळीच्या तीन दिवस आधी सुरू करतात. आपल्याला तारीखच माहीत नसते, मग तीन दिवस आधी म्हणजे कधी? अंदाजाने घेतली तर मध्येच डाग लागतात आणि नंतर कॅलेंडरचा काही मेळ राहत नाही. आधी कधी शिरेत रक्ताची गुठळी झालेली असेल तर ती धोक्याचीही आहे. घ्यायचीच असेल तर डॉक्टरांना विचारून. खरं तर गौरी कोणी जेवू घातली याने गौरीला काही फरक पडत नाही, पण हे सासूबाईंपुढे बोलायची सोय नाही.

आणि पिशवी काढायची घाई करू नका. २०१९ मध्ये बीडच्या ऊसतोड बायकांच्या पिशव्या काढल्याचा प्रश्न एवढा गाजला की सरकारला नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमावी लागली. तरी आजही गाडीत ऐकू येतं, "काढून टाकली की सुटले." पीसीओएसचा बिघाड अंडाशयात आणि इन्सुलिनमध्ये, म्हणजे साखर सांभाळणाऱ्या हार्मोनमध्ये, आहे. पिशवी गेली तर पाळी थांबेल, साखर, वजन, हनुवटीवरचे केस जिथल्या तिथे. सोनोग्राफीत दिसणाऱ्या "गाठी" म्हणजे न पिकलेली बारीक बीजं, त्या कापून काढायच्या नसतात.

खाण्याचं थोडक्यात. ज्वारीची भाकरी सोडू नका, पण चार भाकरी आणि ठेचा हे जेवण नव्हे. दोन भाकरी, वाटीभर मटकी किंवा वरण, एखादं अंडं, ताक. नवरात्रात नऊ दिवस साबुदाणा आणि बटाटा खाल्ला तर साखर वर चढतेच. माझा खरा शत्रू स्टँडवरचा चहा होता, प्रत्येक थांब्यावर एक, दोन चमचे साखरेचा. वजन जास्त असेल तर ५ ते १० टक्के उतरलं तरी बऱ्याच जणींची पाळी सुधारते. गाडीत उभं राहणं व्यायामात धरू नका, मीही धरत नाही. रोज अर्धा तास दम लागेल असं चाला.

गर्भनिरोधक गोळ्या आणि मेटफॉर्मिन (साखरेची गोळी) डॉक्टर ठरवतील. अर्धशिशीत डोळ्यांपुढे चमकत असेल, बीपी असेल, तर ते आधी सांगा. मेटफॉर्मिनने सुरुवातीला मळमळतं, जेवणासोबत घेतली की कमी होतं.

तपासणीला अंबाजोगाईचं सरकारी मेडिकल कॉलेज किंवा जिल्हा रुग्णालय गाठा. थायरॉईड, प्रोलॅक्टिन (दुधाचं हार्मोन), हिमोग्लोबिन आणि साखर बघायला सांगा. साखरेसाठी रात्रीपासून उपाशी जायचं. ७५ ग्रॅम ग्लुकोजचं पाणी पाजतात आणि दोन तासांनी परत रक्त घेतात. तेवढ्यात बाहेर टपरीवर चहा घेतला तर तपासणी बाद, म्हणून भाकरी डब्यात बांधून न्या आणि दुसरं रक्त दिल्यावरच उघडा.