जुन्या ट्रायल्स मोटारसायकलच्या इंजिनासाठी पिस्टन कसा निवडावा

ट्रायल्स म्हणजे दगडधोंड्यांवरून पाय न टेकता हळू गाडी नेण्याची स्पर्धा. बुल्टाको शेर्पा टी या ट्रायल्स मोटारसायकलच्या २५० सीसी वर्गातील सुरुवातीच्या इंजिनाचा मूळ बोअर, म्हणजे सिलिंडरचा आतला व्यास, ७२ मिमी आणि स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची वरखाली चाल, ६० मिमी आहे. माँटेसा कोटा २४७ चा स्ट्रोकही ६० मिमीच, बोअर मात्र ७२.५ मिमी. म्हणजे शेर्पाचा सिलिंडर अर्ध्या मिलिमीटरने रीबोअर केला, म्हणजे आतून कापून मोठा केला, की कागदावर दोन्ही इंजिने एकाच मापाची होतात. दोन्ही कंपन्यांचे घराणेही एकच म्हणावे लागेल, कारण फ्रान्सिस्को बुल्तो यांनी १९५८ मध्ये माँटेसातून बाहेर पडूनच बुल्टाको उभी केली. तरीही एकीचा पिस्टन दुसरीत बसवावा असा विचार मनात आला, तर तो तिथेच सोडून द्यावा. पिस्टनच्या अनेक मापांपैकी व्यास हे असे माप आहे की जे सिलिंडर कापून जुळवून घेता येते. बाकीची मापे पिस्टन हातात येतो तेव्हाच ठरून गेलेली असतात. म्हणून निवड बाकीच्या मापांवरून करावी आणि व्यासाचा विचार शेवटी करावा.

जुना पिस्टन सीझ होऊन (सिलिंडरमध्ये आवळून अडकून) ओरबाडलेला असला तरी टाकून देऊ नये. गजन पिनचा (पिस्टन कनेक्टिंग रॉडला जोडणाऱ्या पिनचा) व्यास, कनेक्टिंग रॉडचे वरचे टोक ज्या खाचेत बसते तिची रुंदी, पिनच्या केंद्रापासून क्राउनपर्यंतची (पिस्टनच्या माथ्यापर्यंतची) उंची, इनटेक आणि एक्झॉस्ट या दोन्ही बाजूंना स्कर्टची (पिस्टनच्या खालच्या भिंतीची) लांबी, स्कर्टमधील खिडक्यांची जागा आणि रिंगच्या खाचेतील लोकेटिंग पिनांच्या (रिंगला फिरू न देणाऱ्या बारीक पिनांच्या) जागा, एवढे सगळे मोजून लिहून ठेवावे. पिनच्या केंद्रावर व्हर्नियर लावता येत नाही, त्यामुळे पिनच्या भोकाच्या वरच्या कडेपासून क्राउनच्या काठापर्यंतचे अंतर मोजून त्यात भोकाचा अर्धा व्यास मिळवावा. क्राउन घुमटाकार असेल तर माप काठाशी घेतले की मध्यावर, हेही सोबत नोंदवावे. मात्र या मोटारसायकली अनेक हातांतून गेलेल्या असतात आणि आधीच्या मालकाने मिळेल तो पिस्टन बसवून वेळ निभावलेली असू शकते. म्हणून ही मापे मॉडेलच्या मॅन्युअलशी किंवा सुट्या भागांच्या यादीशी ताडून पाहावीत आणि मगच ती खरी मानावीत.

पिनपासून क्राउनपर्यंतची उंची किती महत्त्वाची आहे ते एका हिशोबाने स्पष्ट होईल. ७२ मिमी बोअरच्या सिलिंडरमध्ये उंचीतील १ मिमी म्हणजे सुमारे ४ सीसी जागा होते. शेर्पाच्या मापाचे २४४ सीसीचे इंजिन घेतले आणि त्याचे कॉम्प्रेशन (मिश्रण किती पट दाबले जाते ते) १० ला १ आहे असे धरले, तर पिस्टन सर्वांत वर असताना हेडखाली साधारण २७ सीसी जागा उरते. पिस्टन १ मिमी बुटका निघाला की ही जागा ३१ सीसी होते आणि कॉम्प्रेशन ८.८ वर घसरते. तोच १ मिमी उंच निघाला तर कॉम्प्रेशन साडेअकराच्या वर जाते; शिवाय कडेला हेड आणि क्राउन यांच्यामध्ये एरवीच जेमतेम मिलिमीटर-दीड मिलिमीटर अंतर असते, त्यामुळे क्राउन हेडवर आदळण्याचीही भीती राहते. बुटका पिस्टन सिलिंडरचा खालचा गॅस्केट पातळ करून चालवून घेता येईल असे काही जण सांगतात. पण टू-स्ट्रोक इंजिनात सिलिंडर खालीवर केला की पोर्टही (मिश्रण आणि धूर आत-बाहेर जाण्याची भिंतीतील तोंडे) त्याच्याबरोबर खालीवर होतात, म्हणजे एक चूक झाकण्यासाठी दुसरी करण्यासारखेच ते आहे. नवा पिस्टन बसवल्यावर सोल्डरची मऊ तार काठाशी ठेवून इंजिन हाताने एकदा फिरवावे आणि दबलेल्या तारेची जाडी मोजावी. हे अंतर अंदाजाने ठरवू नये.

पिस्टन-पोर्ट पद्धतीच्या इंजिनात, म्हणजे जिथे इनटेकवर रीड व्हॉल्व्ह (एकाच दिशेने उघडणारी पातळ पट्ट्यांची झडप) नसतो तिथे, इनटेक पोर्ट कधी उघडावा आणि कधी मिटावा हे स्कर्टची खालची कडच ठरवते. ६० मिमी स्ट्रोकच्या इंजिनात इनटेक बाजूचा स्कर्ट २ मिमी आखूड असेल तर पोर्ट साडेतीन-चार अंश आधी उघडतो आणि तितकाच उशिरा मिटतो. मोटोक्रॉसच्या इंजिनाला, जे कायम वरच्या आरपीएमला चालते, हा फरक सोसतो, किंबहुना हवाच असतो. ट्रायल्सचे इंजिन मात्र जवळजवळ आयडलवर असताना दगडावर चढायचे असते. त्या गतीला पोर्ट उशिरा मिटला की आत आलेले मिश्रण कार्ब्युरेटरमधून उलट बाहेर फेकले जाते आणि थ्रॉटल उघडताच इंजिन अडखळते. एकाच कंपनीच्या ट्रायल्स आणि मोटोक्रॉस मॉडेलचा बोअर आणि पिन सारखी असली तरी पिस्टनचा स्कर्ट सारखा असेलच असे नाही. आखूड स्कर्ट वाढवता येत नाही. लांब असलेला कापता येतो, पण तेही जुने माप समोर ठेवूनच करावे.

लोकेटिंग पिनांकडे फारसे कुणी पाहत नाही, मीही पाहत नव्हतो. एकदा दुसऱ्या मॉडेलचा पिस्टन सगळ्या मापांत बसतो म्हणून मी घेतला, रिंगा न चढवता रॉडवर लावला आणि वरून सिलिंडर सरकवला. एक्झॉस्टच्या तोंडातून टॉर्च मारून इंजिन हळूहळू फिरवत असताना खालच्या खाचेतील बारीकशी पितळी पिन पोर्टच्या ऐन मध्यावरून चमकत खाली गेली. रिंग घालून ते इंजिन चालू केले असते तर रिंगचे मोकळे टोक पोर्टमध्ये फाकून अडकले असते आणि पिस्टनसह सिलिंडरही गेला असता. तेव्हापासून प्रत्येक टू-स्ट्रोक पिस्टन मी आधी असाच रिंगांशिवाय फिरवून पाहतो. पोर्टच्या दोन्ही बाजूंना पिनेपर्यंत काही मिलिमीटर भक्कम भिंत दिसली पाहिजे.

ओतीव पिस्टन घ्यावा की फोर्ज्ड (दाबून घडवलेला), हा प्रश्न नेहमी विचारला जातो. ॲल्युमिनियमचा मिश्रधातू बिडाच्या लायनरपेक्षा (सिलिंडरच्या आतील नळीपेक्षा) जवळजवळ दुप्पट प्रसरण पावतो आणि त्यात सिलिकॉन मिसळले की हे प्रसरण थोडे आटोक्यात येते. ओतीव पिस्टनमध्ये साधारण १२ टक्के किंवा त्याहून अधिक सिलिकॉन असते, त्यामुळे त्याला कमी क्लिअरन्स (पिस्टन आणि सिलिंडर यांमधील मोकळी जागा) पुरतो. फोर्ज्ड पिस्टन अधिक चिवट असतो, पण त्याच्या काही प्रकारांत सिलिकॉन अगदी कमी असल्याने क्लिअरन्स जास्त ठेवावा लागतो आणि थंड असताना तो सिलिंडरमध्ये खडखडतो. ट्रायल्समध्ये इंजिन सुरू होते, दोन मिनिटे चालते, रांगेत थांबते आणि पुन्हा चालते. त्याला पुरते तापायला सवडच मिळत नाही. ज्या वेगासाठी फोर्ज्ड पिस्टनचा चिवटपणा लागतो तो वेग इथे येतच नाही. म्हणून जुन्या ट्रायल्स इंजिनासाठी मी ओतीव पिस्टनच निवडीन. जाड रिंगा वरच्या आरपीएमला फडफडतात ही तक्रारही इथे गैरलागू आहे.

ट्रायम्फ टायगर कबसारख्या फोर-स्ट्रोक इंजिनात पोर्टची चिंता नसते. तिथे क्राउनवरील व्हॉल्व्हच्या खाचा आणि घुमटाची उंची पाहावी. जास्त कॉम्प्रेशनचा उंच घुमटाचा पिस्टन आकर्षक वाटला तरी ट्रायल्ससाठी मूळ कमी कॉम्प्रेशनचाच घ्यावा, म्हणजे कमी गतीला इंजिन शांतपणे ओढते आणि किक मारणेही सोपे जाते.

यानंतर ओव्हरसाइज, म्हणजे मूळ मापापेक्षा पिस्टन किती मोठा घ्यायचा ती पायरी, ठरवावी. सिलिंडर वर, मध्ये आणि खाली, दर ठिकाणी दोन दिशांनी बोअर गेजने मोजावा. समजा मूळ ७२.०० मिमीचा बोअर सर्वांत झिजलेल्या जागी ७२.१९ भरला. पाव मिलिमीटरची ओव्हरसाइज पुरेल असे वाटेल, पण झीज बहुतेक एकाच भिंतीला झालेली असते. मूळ केंद्र कायम ठेवून त्या भिंतीपर्यंत कापायचे तर व्यास ७२.३८ पर्यंत जातो, म्हणजे ०.५० चाच पिस्टन घ्यावा लागेल. खोल ओरखडे असतील तर त्यांचाही असाच हिशोब करावा. मात्र गरजेपेक्षा एक पायरीही पुढे जाऊ नये, कारण लायनरमध्ये किती वेळा कापता येईल हे ठरलेले असते आणि तो संपला की नवा लायनर बसवण्याखेरीज गत्यंतर नसते.

पिस्टन आधी विकत घ्यावा आणि सिलिंडर मग कापून घ्यावा. डब्यावर ७२.५० छापलेले असले तरी काही उत्पादक क्लिअरन्स वजा करून पिस्टन बनवतात तर काही तो सिलिंडरवर सोडतात, त्यामुळे छापील आकड्यावर सिलिंडर कापून घेणे धोक्याचे ठरते. पिस्टन गोल नसून किंचित लंबगोल आणि वरच्या बाजूला निमुळता असतो. म्हणून व्यास पिनच्या काटकोनात, स्कर्टच्या खालच्या भागात, उत्पादकाने सांगितलेल्या उंचीवर मोजावा. पिस्टन आणि सिलिंडर दोन्ही एकाच खोलीत काही तास ठेवून मगच मापे घ्यावीत. बराच वेळ हातात धरलेला पिस्टन १० अंशांनी जरी तापला तरी ७२ मिमीच्या व्यासात सुमारे ०.०१५ मिमी वाढ होते, आणि बिडाच्या लायनरमध्ये चालणाऱ्या ओतीव पिस्टनचा क्लिअरन्सच मुळी ०.०५ मिमीच्या आसपास असतो. उत्पादकाने क्लिअरन्सची मर्यादा दिली असेल तर तिच्या सैल टोकाकडे राहावे, कारण सेक्शनमध्ये (स्पर्धेच्या आखलेल्या अवघड टप्प्यात) चालण्याच्या गतीने जाताना फिन्सना (सिलिंडर थंड ठेवणाऱ्या बाहेरील पात्यांना) वारा जवळजवळ लागतच नाही.

सिलिंडर देताना पिस्टनही सोबत द्यावा आणि चिठ्ठीवर पिस्टनचा स्वतः मोजलेला व्यास, तो कोणत्या उंचीवर मोजला ते, हवा असलेला क्लिअरन्स आणि होनिंगनंतर (कापलेला सिलिंडर आतून बारीक घासून घेतल्यावर) सर्व पोर्टच्या कडा हलक्या हाताने गोल कराव्यात ही सूचना लिहावी. सिलिंडर परत आला की रिंग क्राउनने ढकलून सरळ बसवावी आणि टोकांमधील फट फिलर गेजने पाहावी. ७२ मिमीला ०.२० ते ०.३५ मिमी फट योग्य समजावी. गजन पिनचे लॉक मात्र नवेच वापरावेत, मग जुने कितीही चांगले दिसोत.