बियाण्याची फळं एकाच झाडाची नका धरू भाऊ

दिवाळी आटोपली, सोयाबीन निघालं, कापसाची वेचणी जोरात आहे, मजूर भेटत नाही, सगळं माहीत आहे. तरी पण परसातल्या अन् धुऱ्यावरच्या गावरान भाजीपाल्याचं बियाणं धरायचा टाइम हाच आहे, आतापासून संक्रांतीपर्यंत. हा टाइम गेला की जूनमध्ये कृषी केंद्रातून पाकीटच आणावं लागते, अन् घरातलं पिढ्यान् पिढ्याचं वाण तिथंच बंद पडते.

आता मेन गोष्ट. आपल्याकडे बियाणं धरतात ते कसं, तर वावरात फिरायचं, सगळ्यात जबरदस्त झाड पाहायचं, त्याचं सगळ्यात मोठं वांगं राखायचं, झालं. असं दरवर्षी एकाच झाडावरून बी घेतलं तर दहा वर्षांत ते वाण नावालाच गावरान राहते, आतून सगळी झाडं सारखी होऊन जातात. गावरान वाणाची खरी ताकद त्यातल्या फरकात आहे. एक झाड लवकर येते, एक उशिरा पण लांबवर फळ देते, एक पावसाच्या खंडात माना टाकत नाही, एकाला शेंडे अळी कमी लागते. कोणत्या साली कशाची गरज पडन हे आज कोणीच सांगू शकत नाही, म्हणून सगळेच घरात पाहिजे.

त्यामुळं वांगी, मिरची, भेद्रं (म्हणजे टमाटर) असं काही असन तर निदान 15-20 चांगल्या झाडांवरून एक-एक दोन-दोन फळं घ्या अन् बी एकत्र करा. झाडाला आत्ताच रंगीत चिंधी बांधून ठेवा, नाहीतर तोड्याला आलेल्या बाया तेच फळ पहिले तोडतात. चुरडामुरडा झालेलं, पानं बारीक होऊन गुच्छ झालेलं, मर लागलेलं झाड मात्र अजिबात नको. मक्याचं बियाणं ठेवत असाल तर 100 च्या वर झाडांची कणसं लागतात, मका थोड्या झाडांवर आणला की दोन-तीन वर्षांत खुजा पडते.

चंद्रपूर जिल्ह्यातल्या नागभीड तालुक्यातलं नांदेड गाव, तिथले दिवंगत शेतकरी दादाजी खोब्रागडे तुम्हाला माहीतच असतील. 1983 मध्ये त्यांना पटेल 3 या वाणाच्या धानाच्या बांधीत काही लोंब्या वेगळ्या दिसल्या, त्या त्यांनी बाजूला काढल्या, वेगळ्या लावल्या अन् त्यातूनच एचएमटी तांदूळ निघाला. बांधीतलं सगळंच धान एकासारखं एक असतं तर त्या माणसानं निवडलं काय असतं? अन् उलटं उदाहरण अमेरिकेचं, 1970 मध्ये तिकडच्या बहुतेक हायब्रीड मक्यात एकच मादी वंश वापरला होता, एक करपा आला अन् त्याला सगळीकडे एकच दार उघडं सापडलं, देशाचं साधारण 15 टक्के पीक गेलं.

दुसरी गोष्ट मिसळ होण्याची. भेद्रं, बरबटी (चवळी), वाल, हरभरा यांचं फूल बहुतेक स्वतःच फळते, त्यांना दुसऱ्या वाणापासून थोडं अंतर पुरते. वांगी, मिरची, भेंडी, तूर यांच्यावर मधमाशा फिरतात, बाजूच्या वावरात हायब्रीड मिरची असन तर तुमच्या गावरान मिरचीत तिचा अंश येणारच. प्रमाणित बियाण्याला वांग्याचं अंतर 100 मीटर, मिरचीचं 200, अन् वेलवर्गाचं 500 मीटर धरतात. आपल्या दोन एकरात 500 मीटर कुठून आणायचे, म्हणून वेलाला हातानं फळवणं बरं. कोहळ्याचं मादी फूल ओळखायला सोपं, फुलाच्या खाली बोटभर कोहळं आधीच लागलेलं असते. उद्या उमलणारी, टोकाला पिवळी पडलेली एक मादी अन् दुसऱ्या वेलावरचे दोन-तीन नर फुलं संध्याकाळी दोऱ्यानं बांधून टाका, सकाळी सात-आठच्या आत नराच्या पाकळ्या काढून पराग मादी फुलाच्या मधोमध घासा, मादी परत बांधा अन् देठाला खूण करा. वेल थकले असतील तर हे काम उन्हाळी वेलावर करा. दोडका संध्याकाळी फुलते, त्याचं टायमिंग वेगळं.

देशी कापसावाल्यांना एक दिलासा आहे. देशी कापसाचे क्रोमोसोम (गुणसूत्रं) 26 अन् अमेरिकन, म्हणजे बीटीवाल्या जातीचे 52, त्यामुळं बाजूला बीटी असला तरी त्याची मिसळ देशीत सहजासहजी होत नाही. पण देशीच्या दोन जाती शेजारी असल्या तर होते, अन् जिनिंगमध्ये तर सगळंच एकत्र होते, म्हणून बियाण्याचा कापूस घरीच वेगळा ठेवा अन् सरकी हातानं काढा.

वांगं बियाण्यासाठी भाजीचं नाही चालत, ते झाडावरच पिवळं-तांबूस होऊन मऊ पडलं पाहिजे. मग चिरून बादलीत पाणी घेऊन हातानं कुस्करा, भरीव बी खाली बसते, पोचट वर येते, वरचं फेकून द्या. भेद्र्याचा गर एक-दोन दिवस तसाच आंबू द्या, बीवरची बुळबुळीत साल सुटते, मग धुवा. सुकवायचं सावलीत कापडावर; टिनावर किंवा कडक उन्हात नको. बी कडकडीत वाळलं की काचेच्या बरणीत, वांगी-मिरचीला हे पुरते. बरबटी अन् पोपटाच्या (वालाच्या) दाण्यात भुंगा होते, त्याला चुलीची चाळलेली राख मिसळून गच्च भरा. बरणीवर वाण, गाव, वर्ष लिहा, सुनेला किंवा पोराला पण समजलं पाहिजे कोणतं काय आहे.

कोणी म्हणत असन की घरचं बियाणं विकता येत नाही तर तसं नाही. 2001 च्या पीक वाण संरक्षण कायद्यानुसार शेतकऱ्याला बियाणं राखता येते, पेरता येते, देवाणघेवाण करता येते अन् विकताही येते, फक्त ब्रँडच्या नावानं पॅकिंग करून नाही. स्वतःच्या वाणाची नोंदणी करायची तर शेतकऱ्याला फी नाही.

अर्धं बियाणं गावातल्या दुसऱ्या एका-दोघांना द्याच, तुमच्या बरणीला उंदीर लागला तर त्यांच्याकडून परत आणता येते. मे महिन्यात 100 दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून पहा, वांग्याचे 70 अन् मिरचीचे 60 उगवले तर बिनधास्त रोप टाका, कमी आले तर बी थोडं जास्त टाका.