खाडीच्या गळासाठी जिवंत कोळंबी

खाडीत गळ टाकायला निघालेला माणूस पुष्कळदा बाजारातून बर्फातली कोळंबी विकत घेतो, आणि दिवसभर शेंगाळ्यांखेरीज काही न लागल्याचे खापर पाण्यावर फोडतो. मेलेली कोळंबी वासावर येणाऱ्या माशाला पुरते. पालू, तांबोशी आणि जिताडा यांना मात्र हालचाल करणारे भक्ष्य लागते, आणि ते ज्या खाडीत गळ टाकायचा त्याच खाडीत पायाखाली असते. बोटाच्या दोन पेरांएवढी बारीक कोळंबी, जिला सिंधुदुर्गात सुंगटे म्हणतात, कशी पकडावी, जिवंत कशी ठेवावी आणि गळाला कशी लावावी, ते येथे सांगितले आहे.

कोळंबीच्या बहुतेक जाती अंडी समुद्रात घालतात, पण त्यांची पिल्ले भरतीबरोबर खाडीत शिरून तिवरांच्या मुळांत, खाजणाच्या, म्हणजे भरतीचे पाणी शिरणाऱ्या सखल जमिनीच्या, चरांत आणि चिखलाच्या उथळ काठांवर वाढतात आणि मोठी झाली की पुन्हा समुद्राकडे जातात. त्यामुळे वाशिष्ठीच्या दाभोळ खाडीत शोधा किंवा कर्लीच्या मुखाशी देवबागेला, जागा त्याच असतात. दिवसा ती चिखलात किंवा वाळूत अंग पुरून बसते आणि अंधार पडला की चरायला निघते. म्हणून भर दुपारी जाळे घेऊन हिंडण्यात अर्थ नाही. पहाटेची किंवा तिन्हीसांजेची ओहोटी गाठावी.

ती वेळ काढण्यासाठी किनाऱ्यावरचा जुना हिशेब पुरेसा आहे: तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीचे तास मिळतात आणि त्यात सहा मिळवले की ओहोटी मिळते. षष्ठीला साडेचार वाजता भरती असेल, तर साडेदहाला ओहोटी. अमावास्या किंवा पौर्णिमा ही 15 धरली तर भरती सव्वाअकराच्या सुमारास आणि ओहोटी पहाटे व संध्याकाळी सव्वापाचच्या आसपास येते, म्हणजे उधाणाचे दिवस आपल्या कामाला अगदी सोयीचे पडतात. हा हिशेब ढोबळ आहे. किनाऱ्याने उत्तरेकडे जावे तशी भरती उशिरा येते, आणि खाडीत आत जावे तसा आणखी उशीर लागतो, तेव्हा आपल्या जागेचा फरक एकदा घड्याळ लावून पाहून ठेवावा.

पकडण्याची साधने दोन. बारीक आसाचा (छिद्रांचा) पाग, म्हणजे हाताने फेकायचे जाळे, टाकता येत असेल, तर ओहोटीच्या शेवटी चराच्या तोंडाशी चार-पाच वेळा टाकल्यावर दिवसभराचे आमिष मिळते, कारण उतरत्या पाण्याबरोबर चरातली सगळी कोळंबी त्या अरुंद वाटेने बाहेर पडत असते. पाग टाकणे एका दिवसात येत नाही. नवशिक्याने लोखंडी कडीला मच्छरदाणीचे कापड शिवून, लांब दांडा लावून झोळी करावी. बॅटरीचा झोत पाण्यावर तिरपा धरला की कोळंबीचे डोळे निखाऱ्याच्या ठिणग्यांसारखे तांबूस चमकतात. येथे बहुतेकांची एकच चूक होते: ते समोरून झडप घालतात. घाबरलेली कोळंबी शेपटी आत दुमडून झटक्यासरशी मागे उडते, म्हणून झोळी तिच्या शेपटीमागे तळाला टेकवून धरावी आणि दुसऱ्या हातातल्या काठीने तिच्या मिशांसमोर हलकेच टोचावे. ती आपण होऊन झोळीत येते. याहून कमी कष्टाचा उपाय हवा असेल, तर पालेदार फांद्यांची जुडी दगड बांधून संध्याकाळी चरात बुडवावी, आणि पहाटे तिच्याखाली झोळी सरकवून ती उचलून झटकावी. त्यासाठी तिवराची फांदी मात्र तोडू नये. कांदळवनाची तोड बेकायदा आहे, आणि आंब्याची डहाळी तेवढेच काम करते.

चिखलात चालताना पाय उचलून टाकण्यापेक्षा घासत न्यावेत, म्हणजे तळाशी बसलेले पाकट (शेपटीला काटा असलेला चपटा मासा) आधीच सरकते. कालवांची धार अनवाणी पायाला सोडत नाही, त्यामुळे जुने बूट घालणे शहाणपणाचे.

खरे कौशल्य कोळंबी जिवंत ठेवण्यात आहे. बादलीत पाणी खाडीचेच भरावे. विहिरीच्या पाण्यात खारटपणा नसल्याने ती गळाठते, आणि नळाच्या पाण्यातले क्लोरीन तिला मारते. 10 लिटर पाण्यात 25-30 हून अधिक कोळंबी ठेवू नये आणि मेलेली लगेच काढावी. पाणी तापले की त्यातला प्राणवायू कमी होतो, म्हणून बादली सावलीत ठेवून दर अर्ध्या तासाने निम्मे पाणी बदलावे, किंवा मत्स्यपेटीला लावतात तसा बॅटरीवर चालणारा छोटा पंप सोडावा. बर्फ थेट पाण्यात टाकला तर तो वितळून पाणी गोडे होते. त्याऐवजी गोठवलेली बंद बाटली तरंगत ठेवावी. बादली नेणे शक्य नसेल, तर खाडीच्या पाण्यात भिजवलेल्या गोणपाटाच्या घड्यांत कोळंबी पसरावी. कल्ले ओले आणि थंड राहिले तर ती तासभर सहज तग धरते.

गळाला लावताना तिच्या डोक्याकडे नीट पाहावे. पारदर्शक कवचातून एक काळसर ठिपका दिसतो. तेथे तिचे नाजूक अवयव असतात आणि गरी (गळाचा आकडा) त्यातून गेली की ती तत्काळ मरते. तरंगत्या बुचाखाली लावायची असेल, तर त्या ठिपक्याच्या पुढे, करवतीसारख्या काट्याच्या बुडाशी गरी आडवी काढावी. वाहत्या पाण्यात शिसे लावून तळाशी सोडायची असेल, तर शेपटीच्या पंख्याआधीच्या पेरातून काढावी. नुकतीच कात टाकलेली मऊ कोळंबी गरीवर टिकत नाही, ती बाजूला ठेवावी.

भरती चढू लागली की मासे तिवरांच्या कडेला येतात, आणि तेव्हाचे पहिले दोन तास सर्वांत मोलाचे असतात. पालूला 4 नंबरची आणि तांबोशीला त्याहून मोठी, 1/0 ची गरी लावावी. तांबोशी घास घेताच मुळांत किंवा खडकात शिरते, तेव्हा तंगूस (गळाची दोरी) ढिले न सोडता पहिल्याच ओढीला थोपवावे, नाहीतर गरी, शिसे आणि मासा एकदमच जातात. काळुंदराचे तोंड लहान असल्यामुळे 8 किंवा 10 नंबरच्या गरीला (येथे नंबर वाढतो तशी गरी लहान होते) सोललेल्या कोळंबीचा शेंगदाण्याएवढा तुकडा पुरतो, आणि मुखाजवळच्या वाळूत मुडदुशीलाही तोच चालतो. शेंगाळा लागलाच तर तो फडक्यात धरावा. त्याच्या पाठीवरचा आणि दोन्ही बाजूंचे काटे विषारी असतात आणि त्यांची कळ तासन्‌तास राहते.

उरलेली जिवंत कोळंबी त्याच चरात सोडून द्यावी. मेलेली सोलून, जाडे मीठ चोळून डब्यात भरली की मांस घट्ट होते आणि दुसऱ्या दिवशी गरीवरून निसटत नाही.